शब्द अडला की स्पेलिंग सांगणारा मास्तर, ज्याने इंग्रजी अक्षरांचा खेळ मांडला

इंग्रजीतला असा एक शब्द सांगा ज्यात 'जी' आणि 'पी' ही अक्षरं एकमेकांना चिकटून, याच क्रमाने येतात.

गुगल करायचं नाही. डिक्शनरी उघडायची नाही.

पहिल्या दहा सेकंदांत बहुतेक जण सांगून टाकतात की असा शब्दच नसणार. मग कुणाच्या तरी डोक्यात एक पक्षी येऊन बसतो. मॅगपाय. एम, ए, जी, पी, आय, ई. झालं काम.

हे कोडं कुठल्या ॲपमधलं नाहीये. ते १८८१ सालचं आहे आणि ते घालणारा माणूस ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवायचा. नाव चार्ल्स लुटविज डॉजसन. ओळखीचं वाटत नसेल तर त्याचं दुसरं नाव ऐका. लुईस कॅरॉल. तोच तो, 'ॲलिस इन वंडरलँड'वाला.

ॲलिस सगळ्या जगाला माहितेय. पण हा माणूस आयुष्यभर इंग्रजी अक्षरांशी खेळत बसायचा, त्यातून त्याने एकामागून एक खेळ काढले, आणि त्याच माणसाच्या तोंडून साधे शब्द फुटताना मारामार व्हायची, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

डॉजसनचा जन्म २७ जानेवारी १८३२ चा. इंग्लंडच्या चेशर परगण्यातलं डेअर्सबरी नावाचं छोटं गाव. वडील पाद्री. घरात एकूण अकरा भावंडं, त्यात चार्ल्स तिसरा आणि मुलग्यांमध्ये थोरला. तो अकरा वर्षांचा झाला तेव्हा हा सगळा गोतावळा यॉर्कशरमधल्या क्रॉफ्ट गावी राहायला गेला.

आता घरात अकरा पोरं आणि गावात करमणुकीच्या नावाने शंख. मग थोरल्या भावाने जबाबदारी घेतली. तो धाकट्यांसाठी कोडी रचायचा, गोष्टी सांगायचा आणि घरातल्या घरात हाताने लिहिलेली मासिकं काढायचा. त्यातल्या एकाचं नाव होतं 'मिशमॅश'. म्हणजे सरमिसळ, आपल्याकडची खिचडीच. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

लहानपणीच्या एका आजारपणाने त्याचा उजवा कान कामातून गेला. आणि दुसरा त्रास होता अडखळण्याचा. त्याच्या भावंडांपैकी बऱ्याच जणांना तो होता. वाक्य सुरू व्हायचं, मध्येच एखाद्या अक्षरावर जीभ अडायची आणि पुढचा शब्द बाहेरच यायचा नाही. डॉजसन स्वतः याला 'हेझिटेशन' म्हणायचा, म्हणजे नुसती अडचण झाल्यासारखं. शब्द सौम्य असला तरी त्रास सौम्य नव्हता.

शाळा होती रग्बी, तीच जिच्या नावावरून खेळाला नाव पडलं. तिथली तीन वर्षं त्याच्यासाठी इतकी वाईट होती की जगातलं काहीही दिलं तरी ती परत जगणार नाही, असं त्याने मोठेपणी लिहून ठेवलंय.

जानेवारी १८५१ मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात राहायला आला आणि दोनच दिवसांत आई गेल्याची बातमी आली. घरी जाऊन आला, पुन्हा अभ्यासाला लागला. १८५४ मध्ये गणितात पहिला वर्ग मिळवला, १८५५ मध्ये त्याच कॉलेजात गणिताचा लेक्चरर झाला. त्यानंतर मरेपर्यंत त्याचा मुक्काम क्राइस्ट चर्चमध्येच. कॉलेज त्याला राहायला जागा आणि पैसे देणार, पण अट अशी की लग्न करायचं नाही आणि धर्मोपदेशकाची दीक्षा घ्यायची. डॉजसनने २२ डिसेंबर १८६१ रोजी पहिली पायरी, म्हणजे 'डीकन'ची दीक्षा घेतली. पुढची, पूर्ण पाद्री होण्याची पायरी मात्र तो कधीच चढला नाही. कारणं अनेक सांगितली जातात. पण चर्चमध्ये भरलेल्या लोकांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं, या कल्पनेनेच ज्याच्या पोटात गोळा येतो त्याने ते टाळलं असेल, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

आता त्याच्या नावाची गंमत बघा.

१८५६ मध्ये 'द ट्रेन' नावाच्या मासिकात त्याची कविता छापून येणार होती. संपादक होते एडमंड येट्स. टोपणनाव हवं होतं. डॉजसन काय करेल? त्याने स्वतःच्या पहिल्या दोन नावांची, चार्ल्स लुटविजची, पंधरा अक्षरं घेतली, ती विस्कटली आणि पुन्हा जुळवली. तयार झालं 'एडगर कथवेलिस'. एकही अक्षर कमी नाही, एकही जास्त नाही. तशीच आणखी एक जुळणी करून पाठवली. शिवाय वेगळ्या वाटेने केलेली दोन नावं. त्यातल्या एकाची वाट अशी: चार्ल्सचं लॅटिन रूप कॅरोलस, लुटविजचं लुडोविकस. क्रम उलटा केला, लुडोविकस कॅरोलस. ते परत इंग्रजीत आणलं, लुईस कॅरॉल. येट्सने हेच निवडलं. नशीब, नाहीतर आज आपण एडगर कथवेलिसची ॲलिस वाचत असतो.

डॉजसनची ही खोड कायमची होती. नाव दिसलं की त्याची अक्षरं सुटी करायची. ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम एवार्ट ग्लॅडस्टन यांच्या पूर्ण नावातली एकवीस अक्षरं घेऊन त्याने 'वाइल्ड एजिटेटर, मीन्स वेल' असं जुळवलं. म्हणजे चळवळ्या आहे, माथेफिरू आहे, पण मनाने बरा. डॉजसन राजकारणात ग्लॅडस्टनच्या विरुद्ध बाजूचा होता, हे कळलं की टोमणा आणखी खुलतो.

कागदावर हा माणूस असा राजा. तोंडाने बोलायचं म्हटलं की वेगळंच चित्र.

त्याने या त्रासावर उपचार घेतले. डॉ. जेम्स हंट हे त्या काळातले वाचादोषावर काम करणारे नावाजलेले तज्ज्ञ. पुढे त्याचा हेन्री रिव्हर्स या दुसऱ्या शिक्षकाशी पत्रव्यवहार होता. १८७३ साली रिव्हर्सला लिहिलेल्या पत्रात डॉजसनने जे कळवलं ते वाचून वाईट वाटतं. कठोर 'सी', म्हणजे जिचा उच्चार 'क' होतो ती, तिच्यावर तो इतका अडला की शेवटी त्याला समोरच्याला शब्दाचं स्पेलिंग सांगावं लागलं. असं थोड्याच दिवसांत दोनदा झालं. त्यातलं एकदा तर दुकानात.

तेव्हा त्याचं वय एक्केचाळीस होतं. 'ॲलिस' येऊन आठ वर्षं झाली होती, सगळं इंग्लंड ते पुस्तक वाचत होतं. आणि ते लिहिणारा माणूस दुकानदारापुढे उभा राहून एक एक अक्षर सुटं करून सांगत होता. त्यात तो राहायचा क्राइस्ट चर्चमध्ये आणि जगात ओळखला जायचा कॅरॉल म्हणून. दोन्हीची सुरुवात त्याच 'सी'ने.

आणखी एक दंतकथा तुम्ही वाचली असेल. स्वतःचं आडनाव सांगताना तो 'डो-डो-डॉजसन' असं अडखळायचा आणि म्हणून 'ॲलिस'मधला डोडो पक्षी म्हणजे तोच, अशी. गोष्ट गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही.

'ॲलिस'ची जन्मकथा इथे थोडक्यातच. ४ जुलै १८६२ ला डॉजसन आणि त्याचा मित्र रॉबिन्सन डकवर्थ हे कॉलेजच्या डीनच्या तीन मुलींना घेऊन नावेतून फिरायला गेले. मधली ॲलिस दहा वर्षांची. तिला गोष्ट हवी होती, त्याने जागच्या जागी रचली. पुस्तक आलं १८६५ मध्ये. त्याचा पुढचा भाग, आरशापलीकडच्या जगाचा, १८७१ च्या शेवटी आला. मराठीतही ॲलिस कधीच पोचली आहे.

यात एक योगायोग आहे जो फार कुणी सांगत नाही. ॲलिसचे वडील, डीन हेन्री लिडेल, हे जगप्रसिद्ध ग्रीक-इंग्रजी कोशाचे एक कर्ते. म्हणजे बाप शब्दांना कोशात रांगेने बसवतोय आणि मुलीला गोष्ट सांगणारा त्याच शब्दांची मोडतोड करतोय. दुसऱ्या भागाच्या शेवटी एकवीस ओळींची कविता आहे. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेतलं की ॲलिस प्लेझन्स लिडेल हे पूर्ण नाव तयार होतं. याच भागात दोन शब्द एकात कोंबून नवा शब्द करायच्या युक्तीला त्याने 'पोर्टमँटो' हे नाव दिलं, जे मुळात दोन कप्प्यांच्या प्रवासी बॅगेचं नाव होतं. आज आपण ब्रंच म्हणतो, स्मॉग म्हणतो, ते याच जातीचे शब्द. त्याने स्वतः बनवलेला 'चॉर्टल', म्हणजे खुदकन हसणं, तर थेट इंग्रजी डिक्शनरीत जाऊन बसला.

पण आपल्याला जायचंय खेळांकडे.

१८७७ चा नाताळ. ओळखीच्या घरातल्या दोन मुलींना कंटाळा आलेला, करायला काही नाही. त्यांच्यासाठी डॉजसनने एक खेळ काढला. सारख्या लांबीचे दोन शब्द द्यायचे. प्रत्येक पायरीला एकच अक्षर बदलायचं, मधला प्रत्येक शब्द खरा इंग्रजी शब्द हवा, आणि पहिल्यावरून शेवटच्यावर पोचायचं. उदाहरणार्थ डुकराला, म्हणजे पिगला, त्याच्या खुराड्यात, म्हणजे स्टायमध्ये न्यायचं. पिग, विग, वॅग, वे, से, स्टाय. संपलं. २९ मार्च १८७९ ला हा खेळ 'व्हॅनिटी फेअर' या लंडनच्या साप्ताहिकात 'डब्लेट्स' या नावाने आला, स्पर्धा सुरू झाल्या आणि त्याच वर्षी पुस्तकही निघालं. आज शब्दकोड्यांच्या ॲपमध्ये 'वर्ड लॅडर' म्हणून जे असतं ते हेच.

इथे एक भांडण सुरू होतं जे स्क्रॅबल खेळणाऱ्या प्रत्येक घरात आजही होतं. शब्द चालणार कुठला? पायरी जुळत नसली की लोक कुठला तरी मेलेला, कोपऱ्यातला शब्द शोधून काढतात आणि तो डिक्शनरीत आहे म्हणून हटून बसतात. डॉजसनचं म्हणणं असं की चारचौघांत वापरला जातो तोच शब्द. वाद मिटवायला त्याने पुस्तकात चालणाऱ्या शब्दांची यादीच जोडून टाकली. गणिताचा मास्तर तो, नियमात फट राहिली की त्याला झोप लागत नसे.

आणि मग जून १८८१. 'मंथली पॅकेट' नावाचं मासिक, संपादिका शार्लट यंग. त्यात डॉजसनचा नवा खेळ छापून आला आणि त्याला त्याने भावंडांसाठी काढलेल्या मासिकाचंच नाव दिलं होतं. मिशमॅश.

खेळ दोघांचा. पहिल्याने दोन किंवा जास्त अक्षरांचा एक संच द्यायचा, त्याला नाव न्यूक्लियस, म्हणजे गाभा. दुसऱ्याने असा शब्द शोधायचा ज्यात ती अक्षरं सलग, त्याच क्रमाने येतात. डॉजसनने स्वतः दिलेली उदाहरणं तीन. 'जी-पी' दिलं तर मॅगपाय. 'ई-एम-ओ' दिलं तर लेमन. 'आय-एम-एस-ई' दिलं तर हिमसेल्फ. विशेषनाम चालणार नाही. जो शब्द नेहमी कॅपिटल अक्षरानेच छापला जातो तोही चालणार नाही. दोन शब्द छोट्या रेघेने जोडून तिथे अक्षरं जमवलीत तर तेही बाद.

आता यात डोकं कुठे लागतं? 'जी-पी' ही जोडी इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येऊच शकत नाही. तिचा उच्चारच होत नाही. मग ती येणार कुठे? जिथे एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर. मॅग आणि पाय. हिम आणि सेल्फ. म्हणजे अवघड दिसणारा संच मिळाला की आधी तो कुठे फुटू शकतो ते बघायचं. 'डब्ल्यू-के-डब्ल्यू' हे बघून वाटेल की असा शब्द पोलिश भाषेत असेल. पण मध्ये तोडून बघा, ऑकवर्ड सापडतो. 'एक्स-वाय-जी'? ऑक्सिजन, जो आपण श्वासागणिक घेतोय. आपली अंताक्षरी कानावर चालते, हा खेळ मात्र डोळ्यांवर चालतो. इंग्रजीत लिहिणं आणि बोलणं यांचं फारसं पटत नाही, त्यामुळे रोज बोलला जाणारा शब्दही अक्षरांत लपून राहतो.

पण डॉजसनची खरी करामत गुणांमध्ये आहे. शब्द बरोबर सांगितला तर एक गुण. चुकला तर एक गुण समोरच्याला. हार मानली तरी एक गुण समोरच्याला. आणि तिसरा पर्याय: असा शब्दच नाही असं जाहीर करायचं. ते बरोबर ठरलं तर दोन गुण, चुकलं तर दोन गुण गमावले.

दुप्पट का? कारण शब्द आहे हे दाखवायला एक शब्द पुरतो. शब्द नाही हे म्हणायला सगळी भाषा डोक्यात फिरवून यावी लागते. तर्कशास्त्रावर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाने हा फरक गुणांच्या कोष्टकात बसवला. त्यात गंमत म्हणजे संच देणाऱ्यालाही उत्तर माहीत असलंच पाहिजे असं नाही. तो नुसती थाप मारू शकतो. थोडक्यात पत्त्यांमधला ब्लफ, फक्त अक्षरांचा.

आणि पडताळायला साधन नव्हतं. डिक्शनरी पहिल्या अक्षराने लावलेली असते, मधल्या अक्षरांनी शब्द शोधायचा तर ती अख्खी चाळावी लागते. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध कोशाचा तर पहिला भागही १८८४ मध्ये निघाला, तोसुद्धा 'ए'पासून 'अँट'पर्यंतच. आज आपण तीन अक्षरं टाइप करतो आणि यादी समोर येते. तेव्हा यादी म्हणजे माणसाचं डोकं.

त्याच १८८१ मध्ये डॉजसनने शिकवण्याची नोकरी सोडली. लिहिण्याला वेळ हवा होता. कॉलेजातल्या खोल्या मात्र सोडल्या नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी, १८८० मध्ये, डायरीत त्याने एक कल्पना टिपून ठेवली होती. बुद्धिबळाच्या पटावर अक्षरं ठेवायची आणि ती सरकवत सरकवत शब्द तयार करायचे, असा खेळ होऊ शकेल. ही नोंद तिथेच राहिली. पुढे अमेरिकेत १९३० च्या दशकात आल्फ्रेड बट्स नावाच्या बेकार झालेल्या आर्किटेक्टने अक्षरांचा खेळ रचला आणि १९४८ मध्ये तो स्क्रॅबल नावाने बाजारात आला. बट्सने कल्पना कॅरॉलकडून घेतली असं कुणी म्हणू नये. पण पटावरची अक्षरं डॉजसनला पन्नास वर्षं आधी दिसली होती.

१८९१ मध्ये आला 'सिझिजीज'. यात दोन शब्दांना त्यांच्यातल्या समान अक्षरांच्या संचाने जोडत जायचं. स्वतःच्याच कवितेतल्या वॉलरसची सुताराशी, म्हणजे कार्पेंटरशी ओळख करून द्यायची होती. वॉलरसमधलं 'आर-यू-एस' पेरूजमध्ये सापडतं, पेरूजमधलं 'पी-ई-आर' हार्परमध्ये, आणि हार्परमधलं 'ए-आर-पी-ई' कार्पेंटरमध्ये.

हे सगळं बरेचदा रात्री चालायचं. त्याला झोप लागायची नाही. अंथरुणात पडल्या पडल्या गणितं सोडवायचा, त्यांचं १८९३ मध्ये पुस्तकही केलं. अंधारात सुचलेलं टिपून ठेवायला दिवा लावायचा कंटाळा, म्हणून १८९१ मध्ये त्याने चौकोनी भोकं पाडलेली पट्टी बनवली आणि तिच्यावर लिहायला ठिपक्या-रेघांची वेगळी मुळाक्षरं. पत्रांची नोंदवही वेगळीच. मृत्यूपर्यंत तिच्यातला आकडा ९८,७२१ वर गेला होता. बोलणं जड जाणारा माणूस लिहून किती बोलत होता याचा हा हिशोब.

त्याच्याबद्दलचा एक प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. तो उत्तम फोटोग्राफर होता आणि त्याने लहान मुलींचे भरपूर फोटो काढले, काही विवस्त्र, त्यांच्या पालकांच्या संमतीने. आज ते बघताना लोक अस्वस्थ होतात आणि अभ्यासकांमध्ये यावर टोकाचे वाद आहेत. १८६३ च्या जूनमध्ये लिडेल कुटुंबाशी त्याचं बिनसलं, त्या दिवसांचं डायरीतलं पान कुणीतरी कापून टाकलंय. तेरा वह्यांपैकी चार तर गायबच आहेत. जे पान समोर नाही त्याच्यावर छातीठोक निकाल देणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

१४ जानेवारी १८९८ ला गिल्डफर्डमध्ये, बहिणींच्या घरी, न्यूमोनियाने डॉजसन गेला. सहासष्टावा वाढदिवस तेरा दिवसांवर होता.

त्याचे खेळ पुढे गणितवाल्यांनी उचलले. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी इंग्रजीतले पाच अक्षरी ५,७५७ शब्द कॉम्प्युटरला दिले आणि डब्लेट्सच्या नियमाने कुठला शब्द कुठल्याशी जोडला जातो ते पाहिलं. ६७१ शब्द असे निघाले ज्यांचं कुठलंही एक अक्षर बदला, दुसरा शब्द तयारच होत नाही. अशा एकट्या शब्दांना क्नूथ यांनी 'अलूफ' म्हटलं, म्हणजे चार हात लांब राहणारे. आणि अलूफ हा शब्दही त्या ६७१ मध्येच आहे. डॉजसनला हे कळलं असतं तर त्या रात्री त्याला पुन्हा झोप लागली नसती.

जिवंतपणी तो कॅरॉल आणि डॉजसन यांना एकमेकांपासून कटाक्षाने वेगळं ठेवायचा. लुईस कॅरॉलच्या नावाने अनोळखी लोकांची पत्रं कॉलेजात यायला लागली तेव्हा त्याने एक छापील पत्रकच तयार केलं, की त्याच्या नावाने न छापलेल्या कुठल्याही पुस्तकाशी तो संबंध मान्य करत नाही. गिल्डफर्डच्या टेकडीवरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर वर चार्ल्स लुटविज डॉजसन आणि खाली कंसात लुईस कॅरॉल, अशी दोन्ही नावं कोरली आहेत.